कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये यायचंय? आमचा २०१७ चा सीझन कसा गेला ते सांगतो

दरवर्षी जून-जुलै आला की गावाकडनं दोन-चार पोरांचे फोन येतात, दादा कोल्हापुरात ॲडमिशन झालंय, कॉलेजच्या टीममध्ये कसं जायचं, ट्रायल कधी असतंय, बूट कुठला घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतो आणि तरी अर्धं राहूनच जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतोय. मी गडहिंग्लजचा, लेफ्ट बॅक खेळायचो, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बीकॉम केलं, तिन्ही वर्षं टीममध्ये होतो, पण लिहिणार आहे ते दुसऱ्या वर्षाबद्दल, म्हणजे २०१७-१८ चा सीझन, कारण कॉलेज फुटबॉल म्हणजे नक्की काय ते मला त्या एका सीझनमध्ये कळलं.

आधी एक हिशोब सांगतो. त्या वर्षी मी एका छोट्या वहीत रोजची प्रॅक्टिस लिहून ठेवायचो. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासनं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आमची ८३ सेशन झाली. आणि मॅच किती झाल्या? सहा. बास. नवीन पोरांना हे कोणी सांगत नाही. त्यांना वाटतं कॉलेजची टीम म्हणजे दर रविवारी मॅच, जर्सी, फोटो. तसं नसतंय भावांनो. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धा नॉकआउट असतात, आधी झोनल म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांची, त्यातनं पुढं गेलात तर इंटरझोनल म्हणजे विभागा-विभागांतली, आणि एक दिवस वाईट गेला की चार महिन्यांचं काम संपलं, घरी जा. म्हणून ज्याला फक्त मॅच आवडतात त्याचा इथं जीव लागत नाही, तो ऑगस्टमध्येच गायब होतो. ज्याला पहाटेची प्रॅक्टिस आवडायला लागते तो टिकतो.

बाहेरगावच्यांसाठी थोडं कोल्हापूरबद्दल सांगतो, कारण ते माहीत नसेल तर टीममध्ये आल्यावर गोंधळायला होतं. माझंही झालं होतं. गडहिंग्लज पण फुटबॉलचंच गाव आहे, आम्ही लहानपणापासनं तेच बघत आलो, पण कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही नावं नुसती ऐकली तरी कळतं की कुस्तीच्या तालमी आणि तरुण मंडळं यांच्यातनंच हा खेळ वाढलाय. केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर होते, हिवाळ्यात सुरू होऊन पुढं उन्हाळ्यापर्यंत स्पर्धांवर स्पर्धा चालतात, आणि मोठी मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पोरगं चालायला लागलं की त्याला कळतं आपली टीम कुठली. तर कॉलेजच्या टीममधली निम्म्याहून जास्त पोरं या ना त्या पेठेच्या टीमकडनं खेळणारी असतात, आणि हिवाळ्यात ती एकमेकांसमोर उभी राहणार असतात. कॉलेजचा सीझन त्याच्या आधी, पावसाळा ते दिवाळीच्या मागंपुढं. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ट्रायलची मोठी जाहिरात वगैरे होत नाही. जिमखान्याच्या बोर्डवर एक कागद लागतो, कधी कधी तोही पावसानं भिजून पडलेला असतो. ॲडमिशन झालं की पहिल्याच आठवड्यात जिमखान्यात जा, सरांना भेटा, नाव-नंबर द्या. जुन्या पोरांपैकी एखाद्याला गाठा. लाजू नका, पहिल्या वर्षी मी लाजलो आणि आठ दिवस उशिरा पोचलो, तोपर्यंत सरांची अर्धी यादी झाली होती.

त्या वर्षी पहिल्या दिवशी नव्वदच्या वर पोरं आली होती. सगळ्यांना वाटलं मॅच खेळवतील, आपण दोन जणांना कट मारून दाखवू. सरांनी मॅच खेळवलीच नाही. चौकोनात पाच जण बाहेर, दोघं आत, बाहेरच्यांनी पास खेळायचे, आतल्यांनी बॉल काढून घ्यायचा, एवढंच, अर्धा-अर्धा तास. मी तेव्हा जुना म्हणून सरांच्या शेजारी बॉल गोळा करत होतो, त्यामुळं ते वहीत काय लिहितात ते दिसत होतं. कोणी किती जण चकवले ते त्यात कुठंच नव्हतं. बॉल गेल्यावर कोण लगेच मागं पळतोय, कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतोय, कोण पास मागताना आवाज देतोय, चूक झाल्यावर कोण दुसऱ्याकडं बोट दाखवतोय, असल्याच खुणा होत्या. तिसऱ्या दिवशी असला पाऊस लागला की समोरचा गोलपोस्ट दिसेना. त्या दिवशी चाळीस आली. दोन आठवड्यांनी अठ्ठावीस राहिली. सरांनी काढलेली त्यातली फार थोडी, बाकीची आपली आपणच गेली.

जुलै-ऑगस्टमध्ये बॉल कमी आणि पळणं जास्त. सकाळी सहाला ग्राउंडवर, म्हणजे पावणेसहाला, कारण सहाला सर शिट्टी मारायचेच. आठवड्यातनं एकदा टेंबलाई टेकडी, चढ पळत, उतार चालत, पाच वेळा. पहिल्या महिन्यात मांड्या अशा भरायच्या की हॉस्टेलचा जिना कठड्याला धरून उतरायचो. इथं एक चूक सगळे करतात, जोर दाखवायला पहिल्याच आठवड्यात जीव काढतात आणि मग हॅमस्ट्रिंग धरतं. आमचा एक राइट विंगर, काय पळायचा, नाद खुळा, पण वॉर्मअपला नेहमी उशिरा यायचा. ऑगस्टमध्ये मांडीचा मागचा स्नायू गेला, दहा दिवसांत बरं वाटलं म्हणून परत पळाला, परत गेला, आणि झोनलच्या वेळी तो लाइनवर पाण्याच्या बाटल्या भरत होता. दुखणं सरांपासनं लपवू नका. सर टीममधनं काढतील या भीतीनं लपवलं जातं, पण लपवलेलं दुखणं मॅचमध्येच बाहेर पडतंय.

बुटांबद्दल. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कॉलेज जर्सी, शॉर्ट, स्टॉकिंग देतं, बूट आपले आपण. महागाचे घेऊ नका. निव्हिया, व्हेक्टर एक्स असले चालतात, आम्ही सगळे त्यावरच खेळलो. पावसाळ्यातल्या चिखलाला जरा लांब स्टड पाहिजेत आणि दिवाळीनंतर ग्राउंड कडक झालं की आखूड, नाहीतर तळव्याला फोड येतात आणि गुडघ्याला हिसके बसतात. दोन जोड परवडत नसतील तर जुन्या पोरांकडं विचारा, कोणाचा तरी पडलेला असतो. नवा बूट डायरेक्ट मॅचला घालायचा नाही, आधी आठवडाभर प्रॅक्टिसला. आणि भिजलेला बूट उन्हात नाहीतर गॅसजवळ ठेवायचा नाही, सोल सुटतो. हॉस्टेलवर आम्ही काय करायचो, मेसमधनं जुने पेपर आणायचो, एक पान चुरगाळून पंजापर्यंत कोंबायचं, दुसरं टाचेत, लेस पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढून ठेवायची. रात्री झोपायच्या आधी ते ओले गोळे काढून परत कोरडे भरायचे. सकाळी बूट पूर्ण वाळलेला नसतो पण घालण्यासारखा असतो. आमच्या खोलीला चार महिने शाईचा आणि चिखलाचा वास होता, मला अजून तो वास आला की जुलै आठवतो. शिनगार्ड मात्र चांगला घ्या, त्याशिवाय रेफरी आत सोडत नाही आणि सोडू पण नये.

खाण्याचं लई डोकं लावायची गरज नाही. मेसचं जेवण, त्याच्यावर उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे-गूळ. संध्याकाळी कधीतरी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचो, म्हशीचं समोर काढलेलं दूध, पेल्याला फेस, ते पिऊन चालत हॉस्टेल. मॅचच्या सकाळी मिसळ नको, कितीही कोल्हापूरकर असलात तरी. पोहे, केळं, आणि मॅचच्या दोन-अडीच तास आधी खाणं बंद.

आता कागदपत्रं. हे वाचताना कंटाळा येईल पण हे सोडू नका, कारण आमच्या सीझनला सगळ्यात मोठा फटका ग्राउंडवर बसलाच नाही, कागदात बसला. युनिव्हर्सिटी स्पर्धेला प्रत्येक खेळाडूचा एलिजिबिलिटी फॉर्म जातो. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, मागच्या वर्षाची मार्कलिस्ट, ॲडमिशनची पावती, पीआरएन नंबर (युनिव्हर्सिटीचा कायमचा नोंदणी नंबर), आधार, फोटो, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. वय, मधला गॅप, कॉलेज बदललं असेल तर त्याचे कागद, सगळं बघतात. पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचं तर १७ ते २५ वयाची अट असते. आमचा सेंटर मिडफिल्डर, अख्ख्या टीमचा खेळ त्याच्या पायातनं जायचा, तो त्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातनं बदली होऊन आला होता. त्याचा एक दाखला जुन्या कॉलेजातनं यायचा होता. आज देतो, उद्या देतो, साहेब रजेवर आहेत, असं करत सप्टेंबर गेला. त्यानं पण जोर लावला नाही, आम्ही पण लावला नाही, सगळ्यांना वाटलं होईल. झोनलच्या आदल्या दिवशी त्याचा फॉर्म बाजूला ठेवला गेला. दाखला आला आठ दिवसांनी, तोपर्यंत टीमची यादी बंद. ट्रॅकसूट घालून तो प्रत्येक मॅचला गोलच्या मागं बसायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी मी एकदाच बघितलं, पहिल्या मॅचला टीम आत जाताना. त्यामुळं सांगतो, ऑगस्टमध्येच फाइल करा, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स, नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे का बघा, आणि एखादा दाखला बाकी असेल तर स्वतः जाऊन बसा, फोनवर काम होत नाही.

हजेरीचं पण तसंच. ७५ टक्क्यांचा नियम खेळाडूला पण आहे, सवलत मिळते पण ती मागावी लागते. मॅचच्या तारखा आल्या की जिमखान्यातनं पत्र घ्यायचं आणि मॅचच्या आधी प्रत्येक सर-मॅडमना स्वतः नेऊन द्यायचं. मॅच झाल्यावर पत्र घेऊन गेलं की ते पण वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही. मी त्या सेमिस्टरला अकाउंट्स नीट केलं नाही, दिवाळीनंतर बघू म्हणलं, दिवाळीनंतर इंटरझोनल आली, आणि विषय राहिला. घरी सांगताना लई वाईट वाटलं, कारण वडिलांनी कधीच खेळू नको असं म्हणलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी रात्री आठ ते साडेनऊ रीडिंग रूम ठरवून टाकली, प्रॅक्टिस असो नसो. तेवढं पुरतं. रोज पाहिजे फक्त.

आता पेठांवर येतो. आमच्या टीममध्ये सेंटर बॅक, म्हणजे मधला बचाव करणारा, एका पेठेचा आणि स्ट्रायकर, म्हणजे पुढं गोल मारणारा, दुसऱ्या पेठेचा. नावं लिहीत नाही, कोल्हापूरकरांना कुठल्या दोन टीम ते अंदाजानं कळेल. दोघंही आपापल्या टीममध्ये खेळणारे, आदल्या हंगामात शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडलेले, त्या मॅचला गॅलरीत गोंधळ पण झाला होता. कॉलेजात आल्यावर भांडण असं काही नाही, पण बोलणं पण नाही. मागनं सेंटर बॅकला बॉल मिळाला आणि समोर स्ट्रायकर मोकळा असला तरी तो बाजूला द्यायचा. स्ट्रायकर पण डिफेन्सला खाली यायचा नाही. बघणाऱ्याला कळत नव्हतं, आम्हाला आतनं कळत होतं, टीम मधोमध चिरलेली होती.

सरांनी कधी भाषण दिलं नाही. त्यांनी फक्त एवढं केलं की नेट बांधायचं काम त्या दोघांना दिलं. आमच्या ग्राउंडवर नेट रोज लावायची आणि रोज काढायची, ठेवली की चोरीला जातात. पावणेसहाला अंधुक उजेडात दोघं यायचे, एकानं पोस्टवर चढायचं, दुसऱ्यानं खालनं नेट वर सरकवायची, आणि मग सुतळीनं वीतभर अंतरावर गाठी. पावसात सुतळी फुगते, गाठ सुटत नाही, दातानं सोडवावी लागते. नेट एका बाजूला जास्त ओढली गेली की दुसऱ्या बाजूला कमी पडते, म्हणजे बोलावंच लागतं, सोड जरा, ओढ, थांब. पहिले पंधरा दिवस तेवढेच शब्द. मग एक दिवस मी लवकर पोचलो तर नेट अर्धी लागलेली आणि दोघं पोस्टला टेकून बोलत उभे, गेल्या हंगामातल्या त्याच मॅचमधल्या एका फाउलवर, पाय आधी लागला का बॉल. सप्टेंबरमध्ये मागनं पहिला लांब बॉल स्ट्रायकरच्या छातीवर पडला तेव्हा सर काहीच बोलले नाहीत, वहीत पण काही लिहिलं नाही. आमच्या कॅप्टनदादाचा पण एक नियम होता, प्रॅक्टिसला पेठेची जर्सी घालून यायचं नाही, साधा टी-शर्ट. नवीन आलेल्यांनी हे पाळाच. बाहेरगावचे असाल तर कोणाची टीम भारी यावर मत द्यायला जाऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी. मला बाहेरचा म्हणून दोन्हीकडची पोरं जवळची वाटायची, त्याचा उपयोग पण झाला.

त्या ऑक्टोबरमध्ये भारतात अंडर-१७ वर्ल्ड कप होता. सप्टेंबरमध्ये तर सरकारनं महाराष्ट्रभर एका दिवशी शाळा-कॉलेजात फुटबॉल खेळवला होता, आमच्या ग्राउंडवर त्या दिवशी साडी नेसलेल्या मॅडमनी पण किक मारली. आणि इंडियाच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आमच्यापेक्षा लहान पोरगं, आमच्याच शहरातलं, वर्ल्ड कप खेळतंय, ते काय वाटत होतं ते लिहून सांगता येत नाही. मेसच्या टीव्हीवर उभं राहून मॅच बघितल्या. ६ तारखेला अमेरिकेनं ०-३ नं हरवलं. ९ तारखेला कोलंबियाबरोबर ०-१ मागं असताना ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं हेड मारला, फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा पहिला गोल, मेसमधली ताटं वाजली, आचारी बाहेर आला. आणि आम्ही अजून नाचत होतो तेवढ्यात, पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाचा दुसरा गोल. १-२. अख्खी मेस गप्प.

दुसऱ्या दिवशी आमची झोनलची पहिली मॅच होती. वॉर्मअपच्या आधी सर फक्त एवढंच बोलले, गोल झाला की दहा सेकंद नाचा, मग मोजा. काय मोजायचं तर आपण अकरा जण कुठं कुठं उभे आहोत ते. प्रत्येकानं आपली जागा आणि शेजारच्या दोघांची जागा बघायची, मगच किकऑफ होऊ द्यायचा. कॅप्टननं ते उचललं. त्यानंतर गोल केला की त्याची हाळी यायची, मोजाऽऽ, आणि सगळे मागं वळून बघायचे. समोरच्या टीमला कळायचं नाही हे काय चाललंय.

पहिली मॅच सोपी गेली, ४-०. दुसरी १-१, मग टायब्रेकर, म्हणजे पाच-पाच पेनल्टी किक. टायब्रेकरबद्दल एक सांगतो, किक कोण मारणार हे त्या वेळी विचारायचं नसतं. आमच्याकडं सप्टेंबरपासनं प्रत्येक प्रॅक्टिसच्या शेवटी, पाय दमलेले असताना, प्रत्येकानं एक पेनल्टी मारायची आणि त्याची नोंद व्हायची. त्या नोंदीवरनं पाच नावं ठरलेली होती. त्यात आमचा रिझर्व्ह गोलकीपर होता, एक मिनिट पण न खेळलेला, पण प्रॅक्टिसला त्याच्या पेनल्टी सगळ्यात कमी चुकायच्या. म्हणून सरांनी शेवटच्या पाच मिनिटांत त्याला चक्क फॉरवर्डच्या जागी आत घेतलं, गोलकीपरची नाही, बाकीच्यांसारखी जर्सी घालून. चौथी किक त्यानं मारली, खाली, उजव्या कोपऱ्यात, पोस्टला घासून आत. आम्ही ४-३ नं जिंकलो. बेंचवर बसणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा. वीस जणांच्या टीममध्ये नऊ जण बाहेरच असतात, ते काय करतात त्यावर टीम चालते. सेमी आणि फायनल दोन्ही आम्ही १-० नं घेतल्या, फायनलचा गोल मागनं आलेल्या लांब बॉलवर, सेंटर बॅककडनं स्ट्रायकरला. पुढं सांगायची गरज नाही.

इंटरझोनल दिवाळीनंतर, दुसऱ्या जिल्ह्यात. एसटीनं गेलो, वर्गखोल्यांत बाकडी बाजूला सरकवून गाद्या टाकल्या होत्या, वीस पोरं एका हॉलमध्ये, रात्री थंडी. सोबत चादर न्या, मिळेल या भरवशावर राहू नका. पहिली मॅच २-१ जिंकलो. सेमीला ग्राउंड कडक, धूळ, ऊन. हाफटाइमला १-१. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असतील, त्यांना कॉर्नर मिळाला. माझा माणूस लांबच्या पोस्टला, उंच, सात नंबर. मी त्याच्या आणि गोलच्या मध्ये उभा होतो, जागा बरोबर होती. पण बॉल उडाला आणि मी बॉलकडं बघत राहिलो. फक्त बॉलकडं. दोन सेकंद असतील. तो माझ्या पाठीमागनं दोन पावलं सरकला आणि मी वळेपर्यंत त्याचं डोकं लागलं होतं. १-२. सीझन संपला. ८३ सकाळी आणि दोन सेकंद.

मला कोणी काही बोललं नाही, तेच सहन होत नव्हतं. येताना एसटीत सेंटर बॅक शेजारी येऊन बसला, खिडकी उघडी ठेवू का एवढंच विचारलं. सोमवारी सकाळी सरांचा फोन, ग्राउंडवर ये. मला वाटलं बोलणी बसणार. सर एकटे, कॉर्नरच्या खुणेपाशी दहा बॉल, आणि लांबच्या पोस्टला आमचा स्ट्रायकर उभा. सरांनी त्या सकाळी चाळीस कॉर्नर मारले. असं उभं राहायचं की अंग अर्धं वळलेलं पाहिजे, एका डोळ्याच्या कोपऱ्यात बॉल, दुसऱ्यात माणूस, आणि हाताची पालथी बाजू हलकेच माणसाच्या अंगाला लागलेली, पकडायचं नाही, नुसतं कळायला पाहिजे तो हलतोय का. पहिल्या दहांत सहा वेळा स्ट्रायकरनं मला चुकवलं. शेवटच्या दहांत एकदा. पुढचा सीझन आठ महिन्यांनी होता, कुठलीच स्पर्धा समोर नव्हती, आणि तरी सर आले होते. असा माणूस भेटला तर त्याला धरून राहा, एवढंच मी सांगेन.

त्यानंतर युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी निवड झाली. शिवाजी युनिव्हर्सिटीत कोल्हापूर, सांगली, सातारा तीन जिल्ह्यांची कॉलेजं, त्यातनं संभाव्य पोरांचा कॅम्प. आमच्यातले तिघं गेलो, शेवटच्या यादीत स्ट्रायकर आणि सेंटर बॅक राहिले, मी नाही. तिथनं टीम वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम विभागातल्या युनिव्हर्सिटींच्या स्पर्धेला जाते, तिथं पहिल्या चारात आलं की ऑल इंडिया. कॅम्पमध्ये माझ्यापेक्षा चांगले दोन लेफ्ट बॅक होते, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण त्या दहा दिवसांत जे शिकलो ते दोन वर्षांत शिकलो नव्हतो, त्यामुळं नाव लागणार नाही वाटलं तरी कॅम्पला जाच.

करिअरचं विचारतात म्हणून थोडक्यात. कॉलेज फुटबॉल खेळून नोकरी मिळते का? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण नुसतं भाग घेतल्याचं सर्टिफिकेट म्हणजे आरक्षण नव्हे. कुठल्या पातळीचं पदक कुठल्या गटाच्या पदाला चालतं ते शासन निर्णयात लिहिलेलं आहे, आणि सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा खात्याकडनं करून घ्यावी लागते. १ जुलै २०१६ चा शासन निर्णय आणि त्यानंतरचे बदल स्वतः वाचा, चहाच्या गाड्यावर ऐकलेल्या माहितीवर भरतीचा फॉर्म भरू नका. सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी नाव, वर्ष, खेळ, शिक्का तपासा, दुरुस्ती नंतर लई अवघड जाते. खेळण्याशिवायच्या पण वाटा आहेत, कोचिंगचं डी लायसन्स, रेफरीची परीक्षा, बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. मी बीपीएडला गेलो, आता शाळेत पोरांना शिकवतो. आमचा कागदात अडकलेला मिडफिल्डर रेफरी झाला, आणि चांगला झालाय.

त्या हिवाळ्यात केएसएची लीग लागली आणि आमचे दोघं परत समोरासमोर. मी शाहू स्टेडियमवर गेलो होतो, कुठल्या बाजूला बसायचं कळेना म्हणून मधल्या गॅलरीत बसलो. तुफान मॅच झाली. कॉर्नर मिळाला की स्ट्रायकर पोस्टकडं सरकायचा आणि सेंटर बॅकचा हात पालथा त्याच्या अंगाला लागलेला असायचा, अंग अर्धं वळलेलं. १-१ सुटली.

या वर्षीची ट्रायल पण पावसातच होणार. येताना आधार आणि मार्कलिस्टच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत आणा, पाण्याची बाटली आपली आपण, आणि स्टॉकिंगच्या दोन जोड्या. एक पहिल्या अर्ध्या तासातच भिजते.